चांदपूर घाट, मे १९२१: बोट उभी होती, माणसं घाटावरच राहिली (प्रकरण अभ्यास)

प्रवासी लाँचच्या धक्क्यावर मी बरीच वर्षं काढली, आधी तिकीट खिडकीत आणि नंतर फळीपाशी. फळी म्हणजे बोट आणि धक्क्याच्या मध्ये टाकतात ती लाकडी पाटी, दोन माणसं जेमतेम शेजारी शेजारी मावतील एवढीच, आणि धक्क्यावरचे सगळे घोळ शेवटी त्या फळीवरच येऊन अडतात. भरती-ओहोटीने बोट वर-खाली होते, फळी हलते, दोर नीट बांधायच्या आधीच पहिला माणूस पाय टाकतो, मागचा त्याला ढकलतो, आणि तिथे उभ्या असलेल्या खलाशाला दोन सेकंदात ठरवावं लागतं की सोडायचं की अडवायचं.

म्हणून चांदपूरचं प्रकरण, म्हणजे चहाचे मळे सोडून घरी निघालेले मजूर बोटीच्या घाटावर अडवले गेले ते, पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते माझ्या डोक्यातून गेलंच नाही. इतिहासाच्या पुस्तकात ते असहकाराच्या काळातला मजुरांचा उठाव म्हणून दोन ओळींत येतं. मला ते प्रवासी वाहतुकीचं प्रकरण वाटतं, आणि तसंच इथे मांडतोय. घाटावरचे अधिकारी, कंपनीचे लोक यांची नावं मुद्दाम घेत नाहीये, त्यांच्या जागी कोणीही असता तरी अडचण तीच होती. सार्वजनिक पुढाऱ्यांची नावं मात्र ठेवलीत, कारण त्यांच्याशिवाय गोष्ट कळणार नाही.

पार्श्वभूमी

चांदपूर आज बांगलादेशात आहे. पद्मा आणि मेघना जिथे एकमेकींना मिळतात त्याला लागूनच हे बंदर, शहराच्या अंगाने डाकातिया नदी येऊन मेघनेला मिळते. समोरचा काठ दिसेल-न दिसेल एवढं पाणी, त्यामुळे नकाशावर नदी असली तरी माणसाला तो समुद्रच वाटतो. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात हे पूर्व बंगालमधलं एक मोठं, गजबजलेलं नदीबंदर होतं, आणि त्याचं कारण साधं आहे. आसाम-बंगाल रेल्वेचा फाटा इथे येऊन संपायचा. आसाम, सिल्हेट, काछार, कोमिल्ला, चितगाव, कुठूनही कलकत्त्याकडे जायचं तर रेल्वेने चांदपूरपर्यंत, तिथे स्टीमर पकडायची, पद्मेतून वर गोआलंदोला उतरायचं आणि तिथून ईस्टर्न बेंगाल रेल्वेने कलकत्त्याचं सियालदा स्टेशन. मेघनेवर भैरवबाजारचा रेल्वेपूल झाला तो १९३७ साली. त्याआधी हे पाणी ओलांडायला बोटच.

या स्टीमर दोन कंपन्यांच्या. इंडिया जनरल आणि रिव्हर्स स्टीम, दोघींचा कारभार जोडीने चालायचा म्हणून लोक त्यांना जॉइंट कंपनीच म्हणत. मोठी मोठी चाकं असलेल्या उथळ तळाच्या बोटी, कारण पद्मेत कालचा खोल प्रवाह आज वाळूची दांडी होऊन बसलेला असतो. पुढच्या बाजूला खलाशी लांब बांबू पाण्यात टाकून खोली मोजत ओरडत राहायचा. त्यांच्याकडे खोली बांवमध्ये मोजतात, आपल्या कोकणात तांडेल वाव म्हणतो तेच माप, दोन्ही हात पसरले की एक वाव. सारंग म्हणजे बोटीचा मुख्य चालक, सुकाणी, खलाशी, आगवाले सगळे सिल्हेट, नोआखाली, चितगावकडचे, बहुतेक मुसलमान. बोट प्रत्यक्षात तेच चालवायचे. हे लक्षात ठेवा, पुढे याचं फार काम आहे.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या कोकणात बऱ्याच बंदरांत आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं नेऊन चढवायची, त्यामुळे गर्दी आपोआप तुकड्यांत तुटायची, एका पडावात मावतील तेवढीच माणसं. चांदपूर-गोआलंदोला तसं नव्हतं. काठाला एक सपाट तळाची नाव, तिला फ्लॅट म्हणत, ती बांधून ठेवलेली, तोच तरंगता धक्का. स्टीमर फ्लॅटला येऊन चिकटायची आणि फळ्या टाकल्या की काठावरची सगळी गर्दी थेट बोटीवर. नदी काठ खात राहायची म्हणून घाटही हलता, विशेषतः गोआलंदोला, तिथे तर रेल्वेचे रूळसुद्धा नदीच्या मागे मागे सरकवावे लागत. पक्कं बांधकाम नाही, शेड नाही म्हटलं तरी चालेल, आणि थर्ड क्लासचा उतारू म्हणजे खालच्या डेकवर मालाच्या शेजारी आपली पथारी पसरून बसणारा माणूस.

आता माणसं. सिल्हेट जिल्ह्यात करीमगंजच्या बाजूला चारगोला आणि लोंगाई ही चहाची खोरी. तिथले मजूर बहुतेक संयुक्त प्रांताच्या (आजच्या उत्तर प्रदेशाच्या) पूर्वेकडून आणि बिहारमधून आणलेले. कागदोपत्री त्यांना कुली म्हटलंय, मी मजूर म्हणतो. करारावर अंगठा उमटवून आलेले, आणि करार मोडला तर १८५९ च्या कायद्याखाली फौजदारी. युद्धानंतर तांदूळ आणि कापड दोन्ही महाग झालं, त्याच वेळी चहाचा भाव कोसळला, म्हणून मळ्यांनी काम कमी केलं, जादा कमाईची कामं बंद केली. दिवसाची मजुरी काही आण्यांत, त्यात पोट भरेना. वर गांधींचं नाव गावागावात पोचलेलं. मे १९२१ च्या सुरुवातीला सभा झाल्या आणि मजुरांनी मळे सोडायला सुरुवात केली, बायकामुलांसकट, भांडीकुंडी डोक्यावर घेऊन, गांधी महाराज की जय म्हणत. चारगोला खोऱ्यातले जवळजवळ निम्मे मजूर निघून गेले. ते चालत करीमगंजला आले, तिथून गाडीने चांदपूर. घर अजून शेकडो मैल लांब, आणि मध्ये नदी.

अडचण नेमकी काय होती

वरवर बघितलं तर अडचण पैशाची. या माणसांकडे चांदपूरपर्यंत यायचे पैसे कसेबसे निघाले, काहींना वाटेत लोकांनी मदत केली, पण स्टीमरचं आणि पुढच्या गाडीचं तिकीट काढायला खिशात काही नाही.

पण मला विचाराल तर खरी अडचण वेगाची होती. गाडी माणसं आणून ओततेय आणि बोट त्या मानाने नेत नाहीये. कुठल्याही धक्क्याचं गणित हेच असतं, येणारे किती आणि जाणारे किती, आणि दोन्हींत फरक पडला की तो फरक प्लॅटफॉर्मवर जमा होतो. मेच्या मध्यापासून चांदपूर स्टेशनच्या आवारात तो जमा होत गेला आणि २० तारखेपर्यंत तिथे तीनेक हजार माणसं होती. दिवस कसले, तर कालबैशाखीचे, म्हणजे दुपारनंतर अचानक वादळ आणि पावसाची झड. पिण्याचं पाणी, संडास, आडोसा यातलं काहीही तीन हजार माणसांना पुरेल एवढं नव्हतं. उपाशी, चालून दमलेली माणसं, लहान मुलं, आणि नदीकाठ. पटकी, म्हणजे कॉलरा, येणार हे कुठल्याही डॉक्टरला न विचारता कळण्यासारखं होतं.

यात तिसरा पदर मालकांचा. मळेवाल्यांना ही माणसं परत हवी होती, निदान यांचं बघून बाकीच्या खोऱ्यांतले निघू नयेत एवढं तरी नक्की. माणूस एकदा गोआलंदोच्या पलीकडे गेला की तो मळ्याला कायमचा गेला, म्हणजे चांदपूरचा घाट ही त्यांना थांबवायची शेवटची जागा. त्यामुळे एका साध्या फेरीबोटीच्या धक्क्यावर अचानक सगळ्यांचं लक्ष आलं.

पर्याय कोणाकडे काय होते

स्थानिक उपविभागीय अधिकाऱ्यासमोर ढोबळमानाने चार वाटा होत्या. सरकारी किंवा सवलतीच्या पैशातून तुकड्या करून पुढे पाठवत राहायचं. किंवा गाडीत बसवून परत मळ्यांकडे धाडायचं, पण जोर न लावता कोणी जाणार नव्हतं. किंवा स्टेशनपासून लांब छावणी करून, खायला-प्यायला घालून, वरून उत्तर येईपर्यंत थांबवायचं. किंवा स्टेशन रिकामं करून जबाबदारी झटकायची.

सुरुवातीला त्याने पहिली वाट धरली, आणि मला हे त्याच्या श्रेयाला लिहावंसं वाटतं. पहिल्या काही तुकड्या खरोखर बोटीवर चढून पुढे गेल्या. म्हणजे उपाय माहीत होता, तो चालतही होता.

बंगाल सरकार त्या वेळी उन्हाळ्यासाठी दार्जिलिंगला. तिथे विचार वेगळा चाललेला. मालक आणि मजूर यांच्या भांडणात सरकार तटस्थ राहणार, आणि सरकारी पैशातून मजुरांना घरी पाठवणं म्हणजे एका बाजूला झुकणं, अशी भूमिका. कागदावर हे ऐकायला बरं वाटतं. पण मला धक्क्यावरच्या माणसाच्या नजरेतून एक सांगायचंय, की तीन हजार माणसं आधीच तुमच्या प्लॅटफॉर्मवर बसलेली असताना काहीच न करणं हा तटस्थपणा होत नाही, कारण बोट चालू ठेवली तर मजुरांचं होतं आणि बोट अडवली तर मळेवाल्यांचं होतं, मधली जागा त्या फ्लॅटवर शिल्लकच नव्हती.

कंपन्यांकडे पर्याय होता सवलतीचा. जत्रा, मेळे यांची गर्दी त्यांनी वाहिलेली होती, डेकवर माणसं दाटीने बसवणं त्यांना नवीन नव्हतं. पण त्या कुठल्याही सरकारी हमीशिवाय पुढे येणाऱ्या नव्हत्या, आणि चहा हा त्यांचाही मोठा माल होता हे विसरून चालणार नाही.

आणि एक पर्याय पुढाऱ्यांकडेही होता, संपाचा, तो नंतर आला, त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

काय काय घडलं

१९ मे. चहामळेवाल्यांचा प्रतिनिधी चांदपूरला पोचलेला. वरून पैसे खर्च करायला मनाई. स्टीमर घाटाला लागलेली आहे, मागच्या तुकड्या अशाच गेल्या हे लोकांना माहीत आहे, त्यामुळे माणसं फ्लॅटकडे सरकली. आणि त्यांना अडवलं. यानंतर नेमकं काय झालं यावर दोन बाजू आहेत. सरकारी बाजू म्हणते जमाव बोटीवर घुसला म्हणून हटवावा लागला. लोकांची बाजू म्हणते फळी ओढून घेतली, माणसं पाण्यात पडली.

मी या जागी कायम थांबतो. फळीवर माणसं असताना फळी हलवणं म्हणजे काय हे ज्याने बघितलंय त्याला दोन्ही बाजू एकदमच खऱ्या वाटू शकतात. पुढचा थांबला तरी मागच्याला ते दिसत नाही, मागचा रेटा येतच राहतो, आणि पुढच्याला ना मागे जाता येतं ना पुढे. रेटा आणणाऱ्याला वाटतं बोट सुटेल, अडवणाऱ्याला वाटतं हल्ला झाला. आणि ज्या घाटावर कालपर्यंत बोटीवर घेत होते तिथेच आज अडवताय, तेही कुठलीही सूचना न देता, भोजपुरी बोलणाऱ्या माणसांना कोणी काही समजावून न सांगता. रेटा येणारच.

२० मेची रात्र. विभागाचे आयुक्त हजर, गुरखा शिपाई आणलेले. स्टेशनच्या आवारात माणसं झोपलेली. रात्री उशिरा शिपायांना आवार रिकामं करायला सांगितलं गेलं. बंदुकीचे दस्ते चालले, झोपेतून उठलेली बायकामाणसं, म्हातारी, पोरं अंधारात वाट फुटेल तिकडे पळाली, बरीच जखमी झाली, आणि सगळ्यांना उघड्यावर मैदानात हाकललं गेलं. कारण काय दिलं, तर स्टेशन अडलं होतं आणि रोगराईची भीती होती. दोन्ही कारणं खरी असतील. पण रोगराईची भीती असलेल्या माणसांना रात्री पावसापाण्यात उघड्यावर काढून रोगराई कशी कमी होणार होती याचं उत्तर मला कुठे सापडलं नाही. नंतर सरकारच्या कार्यकारी मंडळातले सर हेन्री व्हीलर स्वतः येऊन गेले, त्यांनी झालेल्या कारवाईची पाठराखण केली.

दुसऱ्या दिवसापासून पूर्व बंगाल पेटला. चांदपुरात हरदयाल नाग या ज्येष्ठ वकिलांच्या पुढाकाराने स्वयंसेवकांनी मजुरांची व्यवस्था हातात घेतली, दुकानं बंद, वकील कोर्टाबाहेर, शाळा ओस. चितगावचे बॅरिस्टर जतींद्र मोहन सेनगुप्ता आसाम-बंगाल रेल्वेच्या कामगारांचे पुढारी होते, २४-२५ मेला रेल्वेचा संप सुरू झाला. पाठोपाठ स्टीमरचे सारंग-खलाशी उतरले. चांदपूर, गोआलंदो, बारीसाल, एकेका घाटावर बोटी बांधलेल्या तशाच राहिल्या. त्या खलाशांचा मळ्यांशी काही संबंध नव्हता, धर्म वेगळा, भाषा वेगळी, मुलूख वेगळा, तरी त्यांनी पोटावर पाय आणून घेतला. हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आणि इथेच या प्रकरणाची सगळ्यात अवघड गाठ आहे. ज्या माणसांसाठी संप झाला त्यांना जायचं होतं स्टीमरनेच. स्टीमर बंद. मैदानात, छावण्यांत पटकी पसरलेली. म्हणजे १९ तारखेला सरकारने जी बोट अडवली, तीच आठवड्याभराने त्यांच्याच बाजूच्या लोकांनी बांधून ठेवली.

हे सगळं नंतर बसून लिहिणाऱ्याला सोपं दिसतं, तेव्हा सोपं नव्हतं. बंगालमधले काँग्रेसचे पुढारी चित्तरंजन दास यांना गोआलंदोहून चांदपूरला यायचं होतं तर बोट नाही, मग पत्नी बासंतीदेवींसह साध्या होडीतून, वादळाच्या दिवसांत, पद्मा उतरून ते आले. पद्मेचा तो पट्टा मेअखेर-जूनमध्ये होडीने म्हणजे जिवाची बाजी. पुढाऱ्यांनी संप स्वतःलाही लागू केला, हा त्यांचा प्रामाणिकपणा, पण आजारी पोर कडेवर असलेल्या बाईला होडीने पाठवणं शक्य नव्हतं.

गांधी-टागोरांचे इंग्रज मित्र, पाद्री सी. एफ. अँड्र्यूज या काळात चांदपूर आणि गोआलंदो दोन्हीकडे आजाऱ्यांमध्ये काम करत होते. त्यांचं म्हणणं पहिल्यापासून एकच, आधी या माणसांना घरी पोचवा. ते दार्जिलिंगला गेले, सरकारने निदान नावापुरती रक्कम द्यावी, पाच हजार रुपये, म्हणजे सरकारने हात दिला असं लोकांना दिसेल, एवढंच मागितलं. नकार आला. शेवटी लोकांच्या वर्गणीतून, स्वयंसेवकांच्या मेहनतीने, जूनमध्ये तुकड्या करून मजुरांना पुढे धाडलं गेलं.

निकाल

वाचलेले मजूर निघाले, पण बरेच जण पटकीने छावणीतच गेले. जे १९ मेला एका रात्रीच्या प्रवासाचं काम होतं त्याला आठवडे लागले.

स्टीमरचा संप काही आठवड्यांत ओसरला. रेल्वेचा संप पावसाळ्यात लांबत गेला आणि फसला, हजारो कामगारांच्या नोकऱ्या आणि राहायच्या खोल्या गेल्या. सेनगुप्तांनी त्यांच्या कुटुंबांसाठी कर्ज काढलं. गांधींनी आपल्या यंग इंडिया साप्ताहिकात अशा सहानुभूतीच्या संपांबद्दल नापसंती दाखवली, त्यावरून बंगालमधल्या कार्यकर्त्यांची मनं दुखावली आणि ते मला समजू शकतं.

आसामात १९२१-२२ मध्ये मजुरांच्या स्थितीची चौकशी समिती बसली. आणि १८५९ चा तो करारमोडीचा फौजदारी कायदा १९२६ मध्ये गेला, त्याला इतरही कारणं होती, पण चारगोलाचे लोक चालत निघाले नसते तर त्याची चर्चा इतकी पेटली नसती असं माझं मत आहे.

कंपन्यांचं म्हणाल तर बोटी परत सुरू झाल्या. दोन महायुद्धांच्या मधल्या सगळ्या काळात चांदपूर-गोआलंदोचा मार्ग भरभरून चालला.

ठरवायच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

मी हे प्रकरण आमच्याकडच्या नव्या पोरांना सांगतो तेव्हा चार जागांवर थांबतो. पहिल्या दोन लवकर उरकतो, शेवटच्या दोनवर वेळ घेतो.

करीमगंजला. माणसं चांदपूरच्या गाडीत चढताना पुढच्या बोटीची सोय आहे का हे कोणीच बघितलं नाही. रेल्वे वेगळी कंपनी, बोट वेगळी कंपनी, दोघांचं तिकीट वेगळं, आणि मधल्या घाटाचा कोणी धनी नाही. गोआलंदोपर्यंतचं एकच तिकीट करून, रोज बोट नेईल तेवढीच माणसं गाडीत बसवली असती तर चांदपूरला ढीग झालाच नसता. आजही दोन वाहनांच्या मधली जागा कोणाचीच नसते, आणि माणूस तिथेच मरतो.

छावणी. स्टेशनचं आवार रिकामं करायचं होतं हे मान्य. मग ते दिवसा करायचं, आधी दुसरी जागा तयार करायची, छप्पर घालायचं, पाणी उकळायची सोय करायची, आणि त्यांच्यातल्याच म्हाताऱ्या माणसांना नेऊन ती जागा दाखवायची. झोपलेल्या गर्दीला अंधारात कधीही हलवायचं नाही. हे मी नियम म्हणून सांगतो, यात अपवाद मला माहीत नाही. अंधारात माणसाला फक्त आवाज कळतो, दिशा कळत नाही, आणि नदीकाठी दिशा चुकली तर पाणी आहे.

तिसरी जागा संपाची. इथे पोरांचे दोन तट पडतात आणि वाद जोरात होतो. एक बाजू म्हणते बोटी बांधल्या नसत्या तर कलकत्त्याला काही फरकच पडला नसता, चार ओळींची बातमी आली असती आणि विषय संपला असता. दुसरी बाजू म्हणते मग आजाऱ्यांचं काय. मला वाटतं संप करतानाच पहिल्या दिवशी एक गोष्ट ठरवायला हवी होती, की मजुरांच्या बोटी संपाबाहेर. सारंगच बोट चालवणार होते, त्यांनी ठरवलं असतं तर एक बोट, त्यांच्याच माणसांच्या हाताने, रोज चांदपूरहून सुटली असती आणि बाकी सगळ्या बांधलेल्या राहिल्या असत्या. त्या एका बोटीने संप कमकुवत झाला नसता, उलट पद्मेवरून जाणारी एकमेव बोट मजुरांची आहे हे दोन्ही काठांवर दिसलं असतं. पण हे सुचायला लागणारा थंडपणा २१ मेच्या सकाळी कोणाकडे असेल अशी अपेक्षा मी करू शकत नाही. आदल्या रात्रीचं रक्त अजून वाळलेलं नव्हतं. म्हणूनच असं काही आधी, शांत असताना, युनियनच्या कागदावर लिहून ठेवायला हवं असतं. इस्पितळं आणि पाणीपुरवठा संपाबाहेर ठेवतात तसंच हे.

आणि चौथी, १९ मे. मी पोरांना विचारतो, तू त्या उपविभागीय अधिकाऱ्याच्या जागी आहेस, हातात वरून आलेली तार आहे की पैसे खर्च करायचे नाहीत, समोर बोट लागलेली आहे आणि फ्लॅटवर माणसं सरकतायत, काय करशील. बहुतेक जण म्हणतात, साहेब, तार मानावी लागेल. काही म्हणतात कंपनीला उधारीवर न्यायला सांगीन. एकदा एका पोरीने विचारलं, बोटीत जागा होती का? मला तो प्रश्न फार आवडला, कारण धक्क्यावरच्या माणसाने पहिला तोच विचारायला हवा.

माझं उत्तर मी सांगतो. तारेत पैशांबद्दल लिहिलं होतं. फ्लॅटवर जी माणसं आधीच आलेली आहेत त्यांना बोटीवर घ्यायचं, मागे दोर लावायचा, दोरामागे राहिलेल्यांना त्यांच्या भाषेत सांगायला माणूस उभा करायचा की पुढची बोट कधी आणि ती येईल की नाही, आणि भाड्याचं बिल दार्जिलिंगला पाठवून द्यायचं. त्यावरून मेमो आला असता, कदाचित बदली झाली असती. मला दोन मेमो मिळालेत नोकरीत, दोन्ही फळीवरच्या माणसांना बोटीत घेतलं म्हणून. दोन्ही जपून ठेवलेत.